ठेवायचं त्याचं, टोचायचं तिचं

ज्योतीरामला कुणी वेंधळा म्हणालं, तर मी आजही भांडायला उठेन. वेंधळा माणूस परवडला. आपल्या हातून चूक होऊ शकते, हे त्याला ठाऊक तरी असतं. आमचा ज्योतीराम नेटका, आणि घात झाला तो नेटकेपणानेच.

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं सतरा वर्षं एकाच स्टोअरमध्ये आहोत. मी रंगराव, इथलाच, राजगुरुनगरच्या अलीकडच्या गावचा. तो धाराशिवकडून आयटीआय करून आला आणि तळवड्यात राहिला. आमच्याकडे गाडीचे पत्रे चिकटवायचा एक गम येतो. तो उणे अठरा अंशांवर डीप फ्रीजरमध्ये दगडासारखा गोठवून ठेवायचा, लागेल तेव्हा बाहेर काढून पातळ होऊ द्यायचा आणि लाइनवर पाठवायचा. चुकून दिवसभर बाहेर राहिला तर डबा थेट भंगारात. थंड तेवढं चांगलं आणि गरम झालं की वाया गेलं, एवढं एकच शास्त्र आम्हाला येतं. ज्योतीराम त्या फ्रीजरचा राजा. दार नीट लावलं नाही म्हणून त्याने एकदा मॅनेजरलाही झापलं होतं.

त्याची बायको वर्षाली तळवड्यातच एका युनिटमध्ये सीट कव्हर शिवायची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. नवस झाले, काढे झाले. शेवटी सदतिसाव्या वर्षी वर्षालीनेच हिय्या केला आणि दोघं चिंचवडच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूबच्या उपचारांसाठी गेले. अंडी वाढावीत म्हणून रोज संध्याकाळी पोटात हॉर्मोनचं इंजेक्शन घ्यायचं होतं. औषध जाड पेनासारख्या नळीत भरलेलं असतं. आकडा फिरवायचा, सुई लावायची, टोचायचं.

तिथल्या मोनिका सिस्टरने वर्षालीला स्वतःच्या हाताने टोचायला शिकवलं. बेंबीपासून दोन बोटं सोडून, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. रोज तीच वेळ, दर वेळी नवी सुई, आणि वापरलेली सुई झाकणाच्या जाड डब्यात. टोचलेली जागा चोळायची नाही. वर्षाली सगळं वहीत उतरवून घेत होती. मग सिस्टर म्हणाली, "आता पेन कसं ठेवायचं ते सांगते." तेवढ्यात ज्योतीराम म्हणाला, "ते माझ्यावर सोडा सिस्टर. मी बारा वर्षं हेच करतोय." ही गोष्ट पाच वर्षांपूर्वीची, तेव्हा आम्हाला बाराच वर्षं झाली होती. त्या दिवशी तो आनंदात होता. सिस्टर पुढे बोलत राहिली, याचं लक्ष मात्र उडालं होतं. पेनाबरोबरचा माहितीचा कागद त्याने व्यवस्थित चौकोनी घडी घालून खोक्यातच ठेवला.

दोन पेनं घेऊन दोघं घरी आले आणि वाटणी झाली. ठेवायचं त्याचं, टोचायचं तिचं.

सोमवारी पहिलं इंजेक्शन झालं. मंगळवारी टोचून झाल्यावर वर्षाली भाकऱ्या करायला वळली आणि पेन तासभर ओट्यावरच राहिलं. ज्योतीरामने घर डोक्यावर घेतलं. "एवढं साधं काम, तेबी जमंना व्हय तुला? औषध हाय ते, लोणचं न्हाई!" त्याची आई सरुबाई आतल्या खोलीतून ऐकत होती. वर्षाली रडली आणि तिने माफी मागितली. तासभराने त्या औषधाला काहीसुद्धा होत नव्हतं. पण माफी मागून झाली होती.

बुधवारी संध्याकाळी मोबाइलवर विजेचा मेसेज आला. आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे रविवार. कारखाने बंद, म्हणून वीजवाले दुरुस्त्याही त्याच दिवशी काढतात. उद्या सकाळी नऊ ते पाच लाइट नाही. फ्रीज आठ तास बंद राहणार म्हटल्यावर ज्योतीरामला घाम फुटला. मग त्याने आमच्या खात्यातला कोणीही शहाणा माणूस करील तेच केलं. तिचं इंजेक्शन झाल्यावर दोन्ही पेनं वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. रात्रभर चांगली गारठली की दिवसभर थंड राहतील, असा हिशोब. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

गुरुवारी वर्षाली कामावर गेली, तिच्या युनिटची सुट्टी रविवारी असायची. ज्योतीरामने लाइट जायच्या आधी कप्पा उघडला. पेनाच्या काचेतून औषध पांढरं दिसत होतं, घट्ट गोठलेलं. त्याने पेनं खाली काढून ठेवली. दुपारपर्यंत औषध पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ झालं. बघून कुणाला काही कळलं नसतं. तरी त्याच्या मनात पाल चुकचुकली. मोनिका सिस्टरने दिलेलं कार्ड फ्रीजवरच लावलेलं होतं, शंका आली तर कधीही फोन करा म्हणून. त्याने फोन मला केला.

मी जेवून आडवा झालो होतो. तो म्हणाला, "रंगराव, पेन गोठलं हुतं. आता पातळ झालंय. चालंल का?"

मी म्हणालो, "गमाचं काय करतो आपण? गोठतोय, पातळ होतोय, लागतोय. काय होत न्हाई राव, उगं जिवाला घोर लावून घेऊ नको."

एवढंच बोललो. कूस बदलली आणि झोपलो.

त्या संध्याकाळी त्याने वर्षालीला सांगायला हवं होतं. पण दोनच दिवसांपूर्वी तिला तासाभरासाठी रडवलेलं. आता कोणत्या तोंडाने सांगणार? साडेसात वाजले, वर्षालीने ओढणी खोचली, बेंबीपासून दोन बोटं मोजली आणि टोचून घेतलं. तो समोर उभा होता. शुक्रवारी टोचलं, शनिवारी, रविवारी.

सोमवारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "वाढ कमी दिसतेय. औषध नीट ठेवलं होतं ना? बाहेर राहिलं, गोठलं, असं काही?"

वर्षाली हसून म्हणाली, "नाही हो मॅडम. ह्यांचं कामच ते आहे. माझ्याहून जास्त जपतात."

आणि आमचा ज्योतीराम मिठाची गुळणी धरून बसला. तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक वाक्य बोलला असता तर पेनं बदलली असती. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला आणि वर्षालीने त्याच पेनातून आणखी तीन दिवस घेतला. गुरुवारी त्यांनी उपचार थांबवले. फाइलवर लिहिलं, औषधाला प्रतिसाद कमी. वर्षालीने ते वाचलं, समजावून घेतलं आणि दाराबाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "माझ्यातच नाहीये तर कुणाला काय बोल लावायचा."

सरुबाईने तर ते गावभर केलं. "सुई तरी काय करंल, जमीनच खडकाळ." जेवताना म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. ज्योतीराम ताटावरून उठून जायचा. लोकांना वाटायचं, बायकोची बाजू घेतो बिचारा.

डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. वर्षाली गेली नाही. कशाला जायचं, म्हणाली, माझ्या अंगाचं मला कळलंय. ज्योतीराम चारदा म्हणाला, एकदा बघू. पण का बघू, ते सांगेना. मी त्यांच्या घरी जात होतो, चहा पीत होतो, कपबशी खाली ठेवून निघत होतो. मलाही तोंड होतं.

अशी पाच वर्षं गेली.

यंदा वर्षालीची धाकटी बहीण हर्षाली, पुनावळ्याला दिलेली, त्याच उपचारांसाठी यांच्याकडे राहायला आली. पुन्हा फ्रीजमध्ये पेनं आली. पुन्हा एका बुधवारी विजेचा मेसेज आला. हर्षाली घाबरली, तशी वर्षाली म्हणाली, "दाजींना दे. वर बर्फात ठेवतील, नाहीतर काय करायचं ते करतील. त्यांना कळतं."

"बर्फात न्हाई!" ज्योतीराम इतक्या जोरात ओरडला, की सरुबाई बाहेर आली. "गोठलं की औषध मरतं. दिसायला चांगलं दिसतं, पण मरतं. खालीच राहू द्या. दार उघडू नका. दिवसभरानं काही होत न्हाई. आन् शंका आली तर सिस्टरला फोन लावा, मला इचारू नका."

वर्षालीने विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

पेनाबरोबरच्या त्या कागदाची घडी त्याने आमच्याच स्टोअरमध्ये, माझ्यासमोर उलगडून वाचली होती, उपचार थांबल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हापासून आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याने तिथेच, आईसमोर आणि मेहुणीसमोर सगळं सांगितलं. बुधवार, गुरुवार, पांढरं झालेलं पेन, मला केलेला फोन, सगळं.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल काढली, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गोठल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित नवीन पेनानेही तेवढीच वाढ झाली असती. पण मला कळलं असतं तर हा शेरा मी लिहिला नसता. लगेच पुन्हा करू म्हटलं असतं. त्या सदतीसच्या होत्या." आता बेचाळीस, हे त्या बोलल्या नाहीत. ज्योतीरामने शेरा खोडायला सांगितला. त्यांनी खोडला नाही, खाली तारीख घालून एक ओळ लिहिली, औषध वापरण्याआधी गोठलं होतं.

आम्ही त्या कागदाची झेरॉक्स घेऊन घरी गेलो. वर्षाली जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तिने कागद वाचला आणि मला विचारलं, "भाऊजी, गोठलं की औषध मरतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं?"

मी व्हय म्हणालो. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सरुबाई दाराला टेकून उभी होती. "मग मी हिला पाच वर्सं काय काय बोलले रं," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, आता वर्षाली ओरडेल, ताट भिरकावेल. मी तर मनातून तेच मागत होतो. ती ज्योतीरामकडे बघून म्हणाली, "त्या गुरुवारी सांगितलं असतंत तर मी भांडले असते. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी आपण जाऊन नवीन पेन आणलं असतं."

मग तिने मेथीची पुढची जुडी सोडली.