मागच्या सीटवर अण्णा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या घोरण्यापासून माझ्या पासवर्डपर्यंत सगळं ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. परवा इथे दोह्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथून आल्यापासून घास उतरत नाहीये, एवढंच.

दर हिवाळ्यात भरतं ते. मी गाड्यांचा वेडाच आहे हो! बॉनेट उघडून ठेवलेली असतात, इंजिनं अशी चकाचक की त्यात बघून भांग पाडावा. कुणी जुन्या अमेरिकन गाडीला जांभळा रंग दिलेला, कुणी जीपला ट्रकची चाकं लावलेली. मदिनत खलीफातल्या घरून सकाळी निघतो तो बायको फोनवर फोन करेपर्यंत तिथून हलत नाही. आता हे वेड आलं कुठून, तर... हां, तिथेच सगळा घोळ आहे.

माझे वडील, अण्णा, सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचे ड्रायव्हर होते. पांढरी ॲम्बेसेडर. तिला ते घरी 'आपली गाडी' म्हणायचे. "आज आपली गाडी पुण्याला जाऊन आली," असं. आई चिडवायची, "मग एकदा मलाही बसवा की तुमच्या गाडीत!" बसवलं कधीच नाही. साहेबांची गाडी ती.

मी शिकलो, इंजिनिअर झालो, इकडे आलो. सुरुवातीला इथल्या नजमा वस्तीत एका खोलीत दाटीवाटीनं राहिलो, मग बरे दिवस आले. ऑफिसात पुण्या-मुंबईची मंडळी. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे बँकेत मॅनेजर. एकदा जेवताना जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि मी बोलून गेलो, "आमच्याकडे पांढरी ॲम्बेसेडर होती." अण्णांचेच शब्द की! तिथं थांबायचं ना गाढवा? पण कुणीतरी विचारलं, वडील चालवायचे का? आणि मी म्हणालो, छे, ड्रायव्हर होता.

एवढंच असतं तर कबुलीबिबुलीच्या भानगडीत पडलो नसतो. थापा कोण मारत नाही?

पण ही थाप अबू राशिदच्या कानावर गेली. अबू राशिद म्हणजे आमच्या कंपनीतले बडे कतारी साहेब, माणूस दिलदार, आणि गाड्यांच्या बाबतीत माझ्याहून वेडे. त्यांनी भारतातून एक ॲम्बेसेडर आणवली, तिच्यामागे खपून ती नवीकोरी केली. आत कातडी सीटा, एसी, सगळं. पण स्टिअरिंग उजवीकडेच ठेवलं आणि रंग पांढराच. मला म्हणाले, वडील आले की घेऊन ये, त्यांची गाडी त्यांना दाखवू.

आणि त्या हिवाळ्यात अण्णा आले. रिटायर झाल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. प्रदर्शनात जायचं म्हटल्यावर सकाळीच दाढी करून, टोपी घालून तयार. ती गाडी दिसली मात्र, आणि माझा हात सोडून ते झपाझप पुढे गेले. बॉनेटवर तळवा ठेवून नुसते उभे राहिले. मला म्हणाले, "संजू, ही आपलीच रे!"

अबू राशिद खूश. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बाबा, यल्ला, तुम चलाओ!" आणि चावी पुढे केली. मैदानातच एक चक्कर मारायची होती. अण्णांनी चावी घेतली. काय सांगू तुम्हाला, तो चेहरा! लहान पोराचा झाला होता.

आमच्या ऑफिसातली दोघं-तिघं बाजूलाच उभी होती. अण्णा एकदा त्या सीटवर बसले की त्यांचे हातच सगळं सांगणार, असं मला वाटलं. आणि मी — हसत, अगदी सहज — म्हणालो, "इनको नहीं आता. हमारा ड्राइवर चलाता था."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग चावी अबू राशिदच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "हां साब. मेरेको नहीं आता."

पुढं काय झालं, तर ते सवयीनं मागं गेले, मागचा दरवाजा उघडला, आणि धरून उभे राहिले. माझ्यासाठी! अबू राशिदना वाटलं, म्हातारा संकोचतोय. त्यांनी हाताला धरून अण्णांना आत बसवलं. मी पुढे बसलो.

गाडी निघाली. अण्णा सीटच्या काठावर, पुढच्या सीटला धरून. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. अबू राशिदनी आरशात बघत विचारलं, "तुम्हारा ड्राइवर का नाम क्या था?" मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "दत्तू. अच्छा आदमी था, साब."

अण्णांचं नाव दत्तात्रय.

घरी परतताना ते एवढंच म्हणाले, की मागं बसलं की रस्ता दिसत नाही नीट. गावाकडे गेल्यावर मात्र पारावर सगळ्यांना सांगत सुटले, "लेकानं मला ॲम्बेसेडरमध्ये साहेबासारखं मागं बसवलं!" आई फोनवर कौतुकानं सांगत होती. मी हूं हूं करत राहिलो.

आता त्यांना काचबिंदू झालाय. दिसत नाही म्हटलं तरी चालेल. गाडी चालवणं संपलं.

परवा ती पांढरी गाडी पुन्हा तिथं उभी होती. अबू राशिद आता थकलेत, पण त्यांच्या सगळं लक्षात. बाबा कसे आहेत विचारलं. मग म्हणाले, आणि तो दत्तू? तो आहे का अजून?

ऑफिसातलं कुणीही आसपास नव्हतं. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "है साब. गांव में रहता है. अब उसको दिखता नहीं."

अबू राशिद हळहळले. म्हणाले, बिचारा, त्याच्याकडे लक्ष ठेव.

मी म्हणालो, इन्शाल्ला.