खुर्चीवरचं प्लास्टिक

परवा ठाकूरद्वारच्या दुकानदाराने टेबलावर घालायचं प्लास्टिक उलगडून दाखवलं आणि त्या कोऱ्या वासाने मला धाकट्या जावेकडचं बारसं आठवलं. लकव्यातून उठून तेव्हा मला चार महिने झाले होते. चालता येत होतं, पण लघवी धरवत नव्हती, आणि हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. खोलीत घुगऱ्यांचा आणि धुपाचा वास कोंदला होता, बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि एकाच खुर्चीवर जाड प्लास्टिक घातलेलं होतं. "ताई, तुम्ही इथे बसा, म्हणजे टेन्शन नको," जाऊ म्हणाली. मी ते प्लास्टिक ओढून काढलं, एका हाताने जमली तशी घडी घालून तिच्या हातात दिलं आणि मग बसले. पिशवीतून फिजिओने दिलेलं यंत्र काढलं, घोट्यापाशी दोन पट्ट्या चिकटवल्या आणि बटण दाबलं. पायाचा अंगठा उडायला लागला तसं पाळण्याचं गाणं अर्ध्यावर थांबलं. "हे काय गं?" कुणीतरी विचारलं. "करंट आहे. इथल्या नसेला दिला की लघवीवर ताबा येतो म्हणतात. रोज अर्धा तास घ्यायचा असतो, आज इथे घेते." शेजारची म्हातारी माझ्या कानाशी वाकली, "मला नुसतं शिंकलं तरी होतं गं. कुठे मिळतं हे?" मी म्हटलं, "मोठ्याने विचारा." आजही कधीकधी गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत पोचायच्या आत व्हायचं ते होतं. पण प्लास्टिकवर मी बसत नाही.