दोघांच्या मापाची रजई

कार्तिकात म्हातारा पिंजारी अंगणात येऊन बसला की इंदुबाईंना वेळेचं भान राहत नसे. पिंजणाची तात घुमायची, कापूस वर उडायचा आणि जयपूरच्या कोवळ्या उन्हात तरंगत, कसलीच घाई नसल्यासारखा खाली यायचा.

यजमान विमा कचेरीत होते. बदलीवर इथे आले आणि इथेच गेले. जयंत तेव्हा नऊ वर्षांचा. त्याची शाळा मोडू नये म्हणून इंदुबाई साताऱ्याला परतल्याच नाहीत. दर हिवाळ्यात त्याच्या रजईचं कापड त्या स्वतः निवडत आणि त्याला त्यावर आडवं करून माप घेत. मुलगा असा वीतवीत वाढला.

अठ्ठावन्न साली मात्र, नुकत्याच बँकेत लागलेल्या जयंतने कापड स्वतःच आणलं. सांगानेरी छापाचं, फिकट गुलाबी. इंदुबाई ते उलगडू लागल्या, तर ते संपेचना.

"अरे, हे तर दोघांच्या मापाचं आहे!"

"दुकानदाराने जास्त दिलं."

"आणि रंगही त्यानेच निवडला? तुला तर मोजेसुद्धा जोडीचे सापडत नाहीत."

जयंतचे कान लाल झाले. "मतलब... अलकाने निवडला. छावणीतल्या सुभेदार उत्तमरावांची मुलगी."

"मराठी बोलते?"

"माझ्यापेक्षा बरी. रागावते तर थेट तुझ्यासारखी."

"म्हणजे ओळख जुनी दिसते."

"दोन वर्षं झाली. पण आई, तू हो म्हणशील तरच."

दोन वर्षं! रोज समोर बसून जेवला, बाहेरच्या साऱ्या गमती सांगितल्या, आणि एवढंच तेवढं सांगायचं राहिलं. इंदुबाईंना वाटलं, आपणही कापसासारख्या वर वर चाललोय, खाली घर लहान होतंय, आणि त्यात जयंतच्या मागून कुणीतरी वावरतंय. चेहरा दिसत नाही, नुसत्या बांगड्या ऐकू येतात.

"माँजी," पिंजाऱ्याने हात थांबवला, "रूई एक की डालूँ, या दो की?"

जयंत कापडाची कड चिमटीत धरून उभा होता. इंदुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं.

"दो की," त्या म्हणाल्या. "और कंजूसी मत करना."

जयंतने सायकल काढली ती थेट छावणीच्या रस्त्याला. 'आई, येतो' म्हणायचं तो आज पहिल्यांदाच विसरला.

"ये हं," इंदुबाई रिकाम्या फाटकाकडे पाहून म्हणाल्या आणि पिंजाऱ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.