भरावातली पिल्लं
ताज्या उकरलेल्या मुरुमाचा वास आला की बार्शीजवळचा छोट्या रेल्वेचा जुना भराव आठवतो. वडील त्या लाइनीवर गँगमन होते. रूळ उचलल्यावर तिथं एका खोकडीनं, त्या लहानशा कोल्हीनं, बीळ केलं आणि निवृत्त वडील रोज लांबून तिची पिल्लं बघायचे. एका सकाळी रस्त्यासाठी मुरूम न्यायला जेसीबी आला. “थांब की, आत पिल्लं हायत,” म्हणत वडील धावले, पण तोवर भराव ढासळला होता. आम्ही हातांनी माती उपसली. तीन पिल्लं निघाली, अंग अजून ऊबदार, श्वास नव्हता. खोकड ज्वारीच्या धसकटांत उभी राहून बघत होती. “आपन गेल्याबिगर ती येनार न्हाय,” म्हणत वडिलांनी मला उठवलं. आता वडील नाहीत. मुरूम कुठं मिळेल, असं आदल्या दिवशी विचारणाऱ्या मुकादमाला तो भराव मीच दाखवला होता, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.