लिफ्टच्या खड्ड्यातली तिसरी

माझा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बोलायचा नाही. एवढं सांगितलं की त्याच्याबद्दल सांगण्यासारखं संपलं, असं निदान माझ्या वहिनीचं मत होतं. कामावर त्याला सगळे ‘म्यूट’ म्हणत. हाक मारली की ‘हं’. जेवण कसं झालंय विचारलं की ‘हं’. घराला आग लागली असती तरी आधी ‘हं’ म्हणून मगच हा माणूस बादली शोधायला उठला असता. त्याच्या एका ‘हं’मधला आणि दुसऱ्या ‘हं’मधला फरक फक्त वहिनीला कळायचा, आणि तोसुद्धा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, उभं आयुष्य खर्ची घालून.

वहिनीचं सगळं उलट. सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. भाजी चिरताना ती भाजीला फैलावर घेते, रेडिओवरच्या बाईला उत्तरं देते, आणि ऐकायला कोणीच उरलं नाही तर जिन्यातून मला हाक मारते. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, शिवणकाम करते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी घरात माझी ख्याती आहे. ती अगदी बरोबर आहे, नाहीतर हे सगळं तुम्हाला कशाला कळलं असतं?

तर दादाची निवृत्ती जवळ आली आणि वहिनीने कॉटखालची जुनी बॅग ओढून, झटकून, पुसून काढली.

“हे बघ,” ती मला म्हणाली, “दिवसभर बाहेर राहून संध्याकाळी गप्प बसणारा नवरा मी काढला निभावून. सकाळपासून गप्प बसणारा नाही निभावणार. हे घरी बसले की मी चालले माझ्या ताईकडे. ताई भांडते, पण बोलते तरी!”

“अगं, पण दादाशी बोल ना एकदा.”

“बोलू? वन्सं, मी लग्नाच्या दिवसापासून बोलतेच आहे!”

रोज एक साडी, एक टॉवेल, औषधाची एक पट्टी असं करत बॅग भरायला लागली. मला वहिनीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगते, आधी काळजी वाटली ती माझी. वहिनी गेली की दादा कोणाच्या गळ्यात? माझ्या! त्याच्या ‘हं’चे अर्थ लावत बसायला मला वेळ आहे का? इथे लोकांचे ब्लाउज वेळेवर होत नाहीत.

अशात दादा मांजरीची पिल्लं घेऊन आला.

त्याचं असं झालं की एका मोठ्या इमारतीच्या लिफ्टमधून म्हणे विचित्र आवाज येत होता. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली. दादा तिथे उतरला तर कोपऱ्यात तेलकट चिंध्यांवर तीन पिल्लं, आणि तिघंही त्याच्यावर फिस्कारली. मांजरी ज्या झरोक्यातून ये-जा करायची त्यावर कोणीतरी नुकतीच जाळी ठोकली होती. दादाने काय करावं? जाळी काढली, वर येऊन दारावर ‘लिफ्ट बंद’ अशी पाटी लावली, आणि मांजरीची वाट बघत बसला. सगळी इमारत दोन दिवस जिने चढत होती. वरच्या मजल्यावरचे लोक धापा टाकत खाली येऊन त्याला विचारायचे, “अहो, बिघडलंय तरी काय?” हा म्हणायचा, “हं.” साहेबाने फोनवर झाडलं. हा म्हणाला, “हं.” मांजरी काही आली नाही. शेवटी त्याने पान्यांची पिशवी रिकामी केली, पिल्लं तिच्यात घातली आणि घरी आला. हात असे ओरबाडलेले, की बोरीच्या काट्यांत पडला होता की काय असं वाटावं.

“हे काय?” वहिनी किंचाळली.

“मांजर,” दादा म्हणाला. त्या आठवड्यातला त्याचा पहिला शब्द असावा.

वहिनी प्राण्यांच्या बाबतीत कडक आहे, म्हणजे घरात पाल दिसली तरी तिला घराबाहेर काढण्याआधी ती तिच्याशी अर्धा तास वाद घालते. पण पिशवीत डोकावून तिने “आई गं, हाडं वर आलीत की यांची!” असं म्हटलं, आणि संध्याकाळी आम्ही तिघं पिशवीसकट जनावरांच्या डॉक्टरणीकडे.

डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिने जाड हातमोजे घालून पिल्लं तपासली आणि म्हणाली, “रानटी आहेत. माणूस म्हणजे यांना संकटच वाटणार. पण वय अजून लहान आहे, माणसाळतील. आणखी थोडे दिवस गेले तर मात्र कधीच नाही.”

“मग करायचं काय?” वहिनीने विचारलं.

“एका लहान खोलीत ठेवा. हात लावायला जाऊ नका. जमिनीवर बसा, पण समोरासमोर नाही, बाजूला वळून. डोळ्यांत बघायचं नाही. आणि बोला. हळू आवाजात, सतत, काहीही. माणसाचा आवाज त्यांच्या कानाला सवयीचा झाला पाहिजे.”

“बोलायचंच ना? हात्तिच्या! ते माझ्यावर सोडा!” वहिनी एवढ्या जोरात म्हणाली की एक पिल्लू टेबलावरून उडालं, एक डॉक्टरणीच्या बाहीत शिरलं आणि तिसरं, काळं, टेबलावरच्या कापडाखाली सपाट झालं.

डॉक्टरणीने बाही झटकली आणि नम्रपणे म्हणाली, “तुम्ही नको. हे बोलतील.”

अहो, दादाचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं! त्याला कोणी भर बाजारात नाच म्हटलं असतं तरी तो इतका घाबरला नसता. आणि वहिनी? बोलू नका असं तिला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला तर आतल्या आत गुदगुल्या होत होत्या.

बाथरूमशेजारच्या अडगळीच्या खोलीत पिल्लांचा मुक्काम पडला. तिथे बंद पडलेलं वॉशिंग मशीन आहे, रंगाचे डबे आहेत, एक लहान खिडकी आहे. पिल्लं जी मशीनमागे गेली ती गेलीच. दादा कामावरून आला की उकडलेल्या कोंबडीची बशी घेऊन आत जायचा, दार लावायचा, आणि जमिनीवर बसून बोलायचा. म्हणजे बोलायचा कसला! पहिले काही दिवस त्याने लिफ्टच्या देखभालीचं पुस्तक मोठ्याने वाचलं. “दरवाजाच्या फटीत अडथळा नसल्याची खात्री करावी.” घसा खाकरणं. “वंगण प्रमाणात घालावं.” वहिनी आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होतो. मोठ्याने हसायचीही सोय नव्हती, कारण घरात आवाज करायला बंदी. वहिनीने भाजी चिरायची ती मुकाट्याने. रेडिओ बंद. जिन्यातून हाक बंद. घर असं चिडीचूप झालं की मला वर माझ्या शिलाई मशीनची लाज वाटायला लागली.

पुस्तक संपलं. परत पहिल्यापासून वाचेल असं आम्हाला वाटलं होतं, पण पिल्लं तेवढ्यात दोन हात पुढे आली होती, एकाने बशी चाटली होती, त्यामुळे याला जोर आला असावा. त्याने नावं ठेवली. उडी मारणारी स्प्रिंग. कशानेही भडकणारा फ्यूज. काळीला नाव सुचेना, तिला नुसतं तिसरी म्हणायचा. आणि मग हा आपल्या मनाचं बोलायला लागला! कुठल्या लिफ्टमध्ये कोण अडकलं होतं, नवा साहेब कसा बटणं दाबायला घाबरतो, लहानपणी आमच्या आईने त्याला कशावरून धुतला होता. मला माहीत नसलेल्या गोष्टी! सख्खी बहीण मी, आणि मला दाराला कान लावून भावाची ओळख करून घ्यावी लागत होती. वहिनीचा कान तर त्या दाराला चिकटलेलाच.

“मला कधी सांगितलं नाही हे,” ती कुजबुजायची. वहिनीला कुजबुजता येतं हा शोधही तेव्हाचाच. आणि त्याच संध्याकाळी बॅगेत आणखी एक साडी जायची. मांजरांना मिळतं ते आपल्याला नाही, हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी अशाच दाराशी उभ्या. आत दादाचा आवाज.

“काय गं स्प्रिंग, बाहेर फारच शांत आहे ना? मलाही ते खटकतं. लिफ्टच्या मशीनचं असंच असतं. ते गुरगुरत असलं की आपण निवांत चहा प्यायचा. गुरगुर थांबली की जिने चढत धावायचं. ती बोलत असली ना, की मला कळतं, सगळं नीट चालू आहे. मी मध्ये बोलत नाही. चालू मशीनमध्ये हात कोण घालतं?”

वहिनीचे डोळे मोठे झाले. “मशीन म्हणाले मला!” ती माझ्या कानात फुत्कारली. “मला! मशीन!” आणि बघते तर तिच्या डोळ्यांत पाणी.

मग आतून बशी सरकवल्याचा आवाज.

“कॉटखाली बॅग आहे तिची. ती आंघोळीला गेली की मी रोज उचलून बघतो. आधी एका बोटावर यायची. काल दोन्ही हात लावावे लागले.” बशी आणखी थोडी सरकली. “विचारावं असं फार वाटतं. पण विचारलं आणि ‘हो, चालले’ म्हणाली तर? न विचारता निदान रोज उचलून तरी बघता येते.”

काय हा माणूस! रोज वजन करतोय बॅगेचं, आणि तोंडातून ब्र नाही!

वहिनीने दार ढकलायला हात उगारला. मला वाटलं, झालं, आता घर डोक्यावर घेणार. मी तिचा हात धरला आणि ओठांनीच म्हटलं, “पिल्लं!” तिने हात सोडवून घेतला. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला, वाजू नये म्हणून. चपला काढल्या. दार अंग शिरेल एवढंच उघडलं, आत गेली, आणि जमिनीवर बसली. दादाकडे तोंड करून नाही. बाजूला वळून, रंगाच्या डब्यांकडे बघत.

फ्यूज फिस्कारला. दादा गप्प झाला. वहिनीही गप्प. बोलायची संधी समोर आहे आणि वहिनी बोलत नाही, असं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती डब्यांकडे बघतेय, तो वॉशिंग मशीनकडे बघतोय, आणि मशीनमागून तिसरी दोघांकडे बघतेय. मग दादाने घसा खाकरला आणि मशीनकडे बघतच परत बोलायला सुरुवात केली. काय बोलला ते मला विचारू नका. वहिनीने बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि दार माझ्या तोंडावर बंद केलं. तिच्या किल्ल्या हातात धरून मी आपली बाहेर उभी!

पुढे दादा निवृत्त झाला. वहिनी ताईकडे गेली नाही, “पिल्लांचं एकदा मार्गी लागू दे,” म्हणाली. स्प्रिंग आणि फ्यूज डॉक्टरणीच्या ओळखीतल्या एका घरी गेले, आणि तिथे म्हणे सोफ्यावर लोळतात. तिसरी राहिली. ती काही केल्या मशीनमागून निघेना. डॉक्टरीण म्हणाली, बोलणं थांबवू नका. म्हणून मग रोज दुपारी दोघंही आत जाऊन बसतात. दादा बोलतो, वहिनी ऐकते, आणि हल्ली म्हणे वहिनी हळू आवाजात बोलते आणि दादा मध्येच काहीतरी विचारतो. वहिनी मला बजावते, “अजून फार बुजरी आहे गं. आम्ही दोघं बसल्याशिवाय तोंडसुद्धा दाखवत नाही.”

आता खरी गोष्ट ऐका. त्या खोलीच्या खिडकीतून पाइपावर येता येतं आणि पाइपावरून माझ्या गॅलरीत. तिसरी कधीचीच रोज सकाळी वर येते. माझ्या चिंध्यांच्या ढिगावर झोपते, दोऱ्याचं रीळ पळवते, माझ्या हातून अंडं खाते, ब्लाउजची मापं द्यायला आलेल्या बायकांच्या मांडीवर खुशाल चढून बसते. रानटी म्हणे! आणि दुपार झाली की उठून, आळस देऊन, पाइपावरून खाली जाते आणि मशीनमागे जाऊन डोळे वटारून बसते. हे मी खाली सांगितलेलं नाही. मांजर माणसाळलं म्हटल्यावर ते दोघं उठून बाहेर येतील, आणि बाहेरच्या खोलीत पुन्हा ‘हं’ सुरू होईल याची मला भीती वाटते.

परवा दुपारी कात्री मागायला खाली गेले. दोघं आत होती, दार लोटलेलं. दादाचा आवाज येत होता, मग वहिनीचं हसणं, अगदी दबकं, तिसरी घाबरू नये म्हणून. मी कॉटशी वाकले आणि बॅग उचलून बघितली. एका बोटावर आली.

पण तिसरी तर त्या वेळी वर होती. माझ्या चिंध्यांवर पाय वर करून घोरत होती, मी तिला तशीच टाकून खाली आले होते. म्हणजे आत ते दोघं एका बंद पडलेल्या वॉशिंग मशीनला माणसाळवत बसले होते. त्यांना ते माहीत आहे की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

चपला हातात घेऊन मी तशीच वर आले आणि तिसरीला अंडं सोलून दिलं. तुम्हाला सांगितलं ते ठीक आहे, पण खाली जाऊन कोणी बोललात तर माझ्याशी गाठ आहे.