जास्तीचे एकेचाळीस दिवस

नात्यातल्या कुणाचं पोरगं अमेरिकेला निघालं की व्हिसाचं विचारायला लोक मला फोन करतात. मी दर वेळी सांगते, मला तिकडे जाणाऱ्यांचं काही कळत नाही. मी इकडे येणाऱ्यांचं पाहते. फोनवरच्या माणसाला ते पटत नाही. इकडे कोण येतं नोकरीला, असं त्याला वाटतं.

पण येतात. आमची कंपनी मोठमोठी यंत्रं बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम घेते. ऑफिस मनीषनगरात, कामं बहुतेक कोराडीच्या वीज केंद्रात. काही यंत्रं अशी असतात की ती जिथे बनली तिथलाच माणूस लागतो. तो वर्षभराच्या नोकरीच्या व्हिसावर येतो. आल्यावर ठरलेल्या दिवसांत पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात त्याची नोंदणी करायची, भाड्याच्या घराचे कागद लावायचे, आणि काम लांबलं तर व्हिसा संपायच्या आत पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज भरायचा, ही सगळी कामं माझी. नऊ वर्षं मी ती केली आणि एकदाही चुकले नाही. हे मी सगळ्यांना सांगत असे.

मी सांगते आहे ते गृहस्थ पोलंडचे. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, कमी बोलणारे. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर त्यांना फ्लॅट घेऊन दिला होता. इंग्रजी माझ्याइतकंच तोडकंमोडकं बोलायचे, त्यामुळे आमचं जमायचं; ते त्यांच्या आईचं सांगायचे, मी माझ्या आईच्या दुखऱ्या गुडघ्यांचं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांना कूलरमध्ये पाणी कसं भरायचं ते मीच दाखवलं. दर रविवारी ते आईला व्हिडिओ कॉल करायचे. एकदा घराच्या करारावर त्यांची सही घ्यायला गेले, तेव्हा कॉल चालूच होता. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. पांढऱ्या केसांची, गालांवर लाली असलेली एक म्हातारी मला निरखून पाहत होती. तिने काहीतरी विचारलं, यांनी उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ही बाई कोण, म्हणाली. मी सांगितलं, हिच्यामुळे मला इथे राहता येतं."

मार्चअखेर त्यांचा व्हिसा संपत होता आणि कोराडीचं काम अजून पाच-सहा महिने चालणार होतं. होळीच्या आधीच मी मुदतवाढीचा अर्ज भरायला बसले. फोटोचा आकार पोर्टल घेईना. तो तीनदा लहान करून चढवला. शेवटचं पान उघडलं आणि तेवढ्यात घरून आईचा फोन आला. आई उमरेडची. तिचं सगळं आयुष्य हातमागावर विणण्यात गेलं, आता गुडघे गेलेत म्हणून माझ्याकडे असते. न्हाणीत तिचा पाय घसरला होता. मी समोरच्या पानाची प्रिंट मारली, फाइलला लावली आणि निघाले. आईला फक्त मुका मार होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा फाइल कपाटात गेलेली होती. प्रिंटवर अर्जाचा क्रमांक होता. मंजुरी यायला वेळ लागतोच, म्हणून मीही वाट पाहत राहिले.

मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी साडेनवाला त्यांचा फोन आला.

"आई गेली. आज पहाटे." मग म्हणाले, "संध्याकाळच्या विमानाने दिल्ली, तिथून पुढे. तिकीट काढलं आहे. विमानतळावर लागतील ते कागद द्याल का?"

मी हो म्हटलं. काय बोलायचं असतं ते इंग्रजीत आठवेना, म्हणून फोन ठेवून दिला आणि कपाटातून फाइल काढली. पासपोर्टची प्रत, नोंदणीची प्रत, घराचा करार. शेवटी ती प्रिंट. झेरॉक्सवर ठेवताना सहज नजर गेली. क्रमांकाच्या आधी एक शब्द होता. तात्पुरता.

मी खुर्चीवर बसले आणि पोर्टल उघडलं. अर्ज अपूर्ण. शुल्क भरलेलं नाही. अर्ज पाठवलेला नाही.

मी दुसऱ्याच कुणाचा अर्ज उघडला असेल असं मला वाटलं. बाहेर पडून पुन्हा शिरले. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. तेच. फोटो त्यांचाच होता, मीच लहान केलेला. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. एकेचाळीस. दोनदा मोजले. एकेचाळीस दिवस तो माणूस रोज सकाळी कोराडीला जात होता, संध्याकाळी परत येत होता, आणि त्याला या देशात राहण्याचा परवानाच नव्हता.

मी आमच्या सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत.

"जाऊ द्या ना त्याले तसाच," ते म्हणाले. "दिल्लीले कोण पाहते एवढं?"

"तेच पाहतात, सर. तिथे अडवतील. दिल्लीत एकटे अडकतील."

सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "मग असं करा मॅडम. पोर्टल बंद होतं म्हणून सांगा. सरकारी काम आहे, लटकून राहिलं. त्याले काय समजते?"

खोटं कशाला सांगू, मला एकदाही असं वाटलं नाही. मला वाटलं, चला, सुटले. केबिनमधून बाहेर येताना ते वाक्य इंग्रजीत मनाशी जुळवूनही झालं.

अकरा वाजता ते बॅग घेऊन ऑफिसात आले. इस्त्रीचा काळा शर्ट घातला होता. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, कागदांसाठी. मी फाइल दिली नाही आणि जुळवलेलं वाक्यही निघालं नाही.

"तुमचा अर्ज मी पाठवलाच नव्हता," मी म्हटलं. "अर्धा भरून ठेवला. मला वाटलं पाठवला. माझी चूक आहे. तुमचा व्हिसा संपून एकेचाळीस दिवस झाले. आज जाता येणार नाही."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी बॅग खाली ठेवली.

"म्हणजे मी बेकायदेशीर आहे?"

"हो."

"आणि दफन मंगळवारी आहे."

"हो."

त्यांनी पाणी मागितलं. ग्लास दोन्ही हातांनी धरून हळूहळू प्यायले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

पोलिसांच्या विभागात मी नेहमीच्या अधिकारी बाईंना फोन केला. सुट्टी असून त्या आल्या. पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही? तुमच्या फाइली पाहून मी नवीन लोकायले शिकवते."

त्यांनी सांगितलं, आता देश सोडायची वेगळी परवानगी लागेल. दंड भरा, चूक कशी झाली ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या, मृत्यूचा दाखला आणि त्याचं भाषांतर लावा. त्या लवकर पुढे पाठवतील, पण मंजुरी वरून येते. यांच्या बहिणीने दाखला पाठवला तो त्यांच्या भाषेत. त्याचं इंग्रजी त्यांनी स्वतःच केलं, माझ्या टेबलाशी बसून. आईचं नाव, वडिलांचं नाव, मृत्यूचं कारण. एका शब्दावर अडले. मग डिक्शनरी पाहून म्हणाले, "हृदय. फक्त हृदय असं लिहू."

त्या दिवशी घरी मी ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, "काहून वं, जेवून काहून नाही राहिली?"

मी सगळं सांगितलं. होळीच्या आधीचा तो दिवस सांगितला, आणि तिच्या लगेच लक्षात आलं.

"मी पडली होती त्याच दिवशी? मी फोन केला म्हणून राहिलं काय वं ते?"

"नाही माय. मी दुसऱ्या दिवशी पाहायला पाहिजे होतं."

"त्याची माय गेली अन् माझ्यापायी त्याले जाता नाही येऊन राहिलं," ती म्हणाली. मी कितीही सांगितलं तरी तिने ते सोडलं नाही. तिनेही ताट बाजूला सारलं.

मंगळवारी दुपारी अडीचला, म्हणजे त्यांच्याकडे अकराला, चर्चमध्ये प्रार्थना होती. मंजुरी आली नव्हती. मी ते सांगायला फ्लॅटवर गेले. त्यांनी दार उघडलं, अंगात तोच काळा शर्ट. टेबलावर फोन डब्याला टेकवून ठेवला होता. मी परत फिरणार होते, पण त्यांनी खुर्ची दाखवली.

बहिणीच्या नवऱ्याने तिकडे फोन धरला होता. हात हलला की सगळं हलायचं. लाकडी पेटी, तिच्यावर पांढरी फुलं, पाठमोरी माणसं. ती माणसं उभी राहिली की हेही उभे राहायचे, मग मीही. नंतर सगळे बाहेर गेले, आणि पेटी खाली सोडताना चित्र थांबलं. कूलरचा आवाज तेवढा येत होता. त्यांनी फोन उचलला, खिडकीशी नेला, उंच धरला. चित्र परत आलं तेव्हा लोक मातीवर फुलं टाकत होते.

ते खिडकीशीच उभे राहिले. म्हणाले, "झालं."

संध्याकाळी पाचला मंजुरी आली. मोबाइलवरचा तो संदेश वाचून मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि तिथेच रडले. प्रार्थना सुरू होऊन अडीच तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मीच सोडायला गेले. कारमध्ये ते म्हणाले, "मी कंपनीला पत्र लिहिलं आहे. त्यात तुमचं नाव आहे. जे झालं तेवढंच लिहिलं. तुम्ही खरं सांगितलंत, तेही लिहिलं आहे."

त्यांनी माझं नाव लिहिलं नसतं तर मला जास्त बरं वाटलं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला नोटीस मिळाली. वर्षभर ते काम माझ्याकडे नव्हतं. गाड्या आणि गेस्टहाऊसच्या चाव्या एवढंच पाहत होते. काम परत हातात आलं त्याच सुमारास कोराडीच्या लोकांनी त्याच इंजिनियरला पुन्हा बोलावलं. नव्या व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो, भारतात याआधी मुदतीपेक्षा जास्त राहिला होता का. त्यांनी मला मेल करून विचारलं, तिथे हो लिहिलं आहे, कारण काय लिहू? मी लिहून पाठवलं, कंपनीच्या कर्मचारी महिलेने अर्ज पूर्ण केला नाही. दंडाची आणि परवानगीची प्रत जोडली.

दोन महिन्यांनी नकार आला. कारण दिलं नव्हतं. मी धीर करून फोन केला आणि सांगितलं. पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती.

"बरं," ते म्हणाले. "मग दुसऱ्याला पाठवतील. निदान तुमच्याकडचा उन्हाळा तरी टळला."

ते हसून म्हणाले की नुसतंच म्हणाले, ते फोनवर कळलं नाही. मी सॉरी म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत?"

तसेच आहेत, मी म्हटलं.