बाबांची राह्यलेली इच्छा

मंडळी, आताच आसेगावहून बाबांची दशक्रिया आटोपून आली. डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहून राह्यली.

माझे बाबा देव-धर्म काहीच मानत नव्हते. "मी गेलो की दहावा-तेरवी काही करू नका," असं सगळ्यांले बजावून गेले. तरी चुलतभावानं डोकं भादरून घेतलं अन् नदीवर पिंड ठेवला. हाच दादा देव-धर्माविरुद्धच्या माझ्या प्रत्येक पोस्टनंतर मले गुपचूप मेसेज करते, "मीबी काही मानत नाही गं."

कावळा काही शिवेना. थोरले काका म्हणाले, "त्याची काही इच्छा राह्यली असन."

मी म्हटलं, "हो काका. हे करू नका, हीच इच्छा होती."

सगळे माझ्यावर खेकसले. मी दादाकडे पाह्यलं. तो कावळ्याले हात जोडून बसला होता.

मी घरी पोहोचत नाही तं त्याचा मेसेज आला, "तू बरोबर बोलली."

तुमच्यातले कितीतरी जण मले असंच कळवतात. आपल्यासारखे वाढून राह्यले म्हणतात. वाढले असतीन. नदीवर तं मी एकटीच होती.

कोण कोण मानत नाही, ते इथं खाली, सगळ्यांसमोर लिहा. इनबॉक्समध्ये नको.